कशाला पाहिजे?

पहाटे 5.30

बारामतीहून इंदापूरकडे जाताना भवानीनगर-सणसरच्या शिवारात रस्त्याच्या कडेला निळ्या ताडपत्रीचं एक पाल आहे. पालासमोर जमिनीत रोवलेली ऐरण, शेजारी भट्टी. इथले लोहारमामा आणि मामी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत या जागेवर असतात. नोव्हेंबरचा पहिला आठवडा आहे, हवेत गारठा आहे. मामी राख बाजूला सारते, खाली कालचा निखारा सापडतो. त्यावर काटक्या, मग कोळसा. पूर्वी चामड्याचा भाता होता, आता विजेचा पंखा आहे. वायर समोरच्या चहाच्या टपरीतून ओढलेली. त्याचे रोज 50 रुपये.

पंखा सुरू होतो. काळा कोळसा कडेनं लाल होत जातो. मामा हात शेकतात आणि सांडशी, हातोडा, छिन्नी, कानस ओळीनं मांडतात. घण मामीच्या बाजूला. तो मामांचा नाही, मामीचा आहे.

सकाळी 6.15

पहिलं गिऱ्हाईक पाटोद्याकडची एक बाई. डोक्याला टॉवेल, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट. हातात चार कोयते, चारही बोथट.

"मामा, शेवटून द्या. ट्रॅक्टर थांबलाय."

शेवटणं म्हणजे झिजलेली धार तापवून, ठोकून नव्यानं काढणं. एकाचे 60 रुपये. नुसती कानस फिरवून धार लावायची तर 20.

1 नोव्हेंबरला गाळप हंगाम सुरू झाला. छत्रपती कारखाना इथून जवळ. तिकडे माळेगाव आणि सोमेश्वर, इकडे बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. सगळ्यांच्या ऊसतोड टोळ्या उतरल्यात, फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहिल्यात. बाई थांबल्या थांबल्या हिशोब सांगते. टनाला 366 रुपये. नवरा-बायको मिळून दिवसाला दोन टन तोडतात. वाढे विकून वर चार पैसे येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही.

"आम्ही तीन कोयते आलोय गावातून," ती म्हणते.

मी तिच्या हातातले कोयते मोजतो. चार आहेत. मग लक्षात येतं. तिच्याकडे एक कोयता म्हणजे एक जोडपं. नवरा आणि बायको. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. तिनं तीन हत्यारं नव्हे, तीन संसार मोजले होते.

सकाळी 8.00

आता नवे कोयते. लोखंड म्हणजे ट्रकचे जुने कमानपाटे, भंगारवाल्याकडून 65 रुपये किलोनं आणलेले. दुसरं लोखंड चालत नाही, धार धरत नाही.

पाटा भट्टीत जातो, नारिंगी होऊन बाहेर येतो. मामा सांडशीनं धरतात, छिन्नी ठेवतात. मामी घण उचलते. पाच किलोचा घण. खांद्यावरून मागे, डोक्यावरून पुढे. दोन घावांत तुकडा सुटतो. मग मामा छोट्या हातोडीनं जागा दाखवतात, मामी तिथंच मारते. टण, धप्प. टण, धप्प. दोघं एक शब्द बोलत नाहीत. हातोडी ऐरणीवर आडवी वाजली की थांबायचं.

पातं रुंद होतं, टोकाशी वाकतं. मागं मुठीत जाणारं निमुळतं शेपूट काढलं जातं. मग पाणी पाजणं. हे काम मामा कुणाला देत नाहीत. तापलेली धार पाण्यात बुडते, चर्र होतं. बाहेर काढून ते तिच्याकडे बघत राहतात. धारेवर पिवळसर झाक येते, ती तांबूस होऊ लागते न लागते तोच पुन्हा पाणी. उशीर झाला तर धार मऊ, घाई झाली तर दगडाला लागून तुकडा उडतो.

"ऊस जमिनीलगत तोडायचा असतो," मामा म्हणतात. "वर तोडला तर बुडख्याची साखर रानात राहते. म्हणून वाक असा. वाकून तोडणाऱ्या माणसाचं मनगट दुखलं नाही पाहिजे."

सकाळी 10.30

भाकरी, ठेचा, कालचं पिठलं. टपरीचा चहा, दहा रुपयांना एक. मामा कट करून तिघांत वाटतात.

टपरीवर कुणीतरी मोबाईलवर बातमी ऐकतंय. पुण्यात कुठेतरी कोयता नाचवून गाड्या फोडल्या. 'कोयता गँग' हा शब्द दोनदा येतो. मामा कप खाली ठेवतात.

"नाव आमच्या हत्याराचं घेतात," ते म्हणतात.

मग स्वतःहूनच बारामतीचा विषय काढतात. 30 सप्टेंबर 2024. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाच्या आवारात बारावीतल्या एका मुलाला कॉलेजातल्याच मुलांनी कोयत्यानं मारलं. आधीच्या भांडणाचा राग होता. भरदिवसा, कॉलेजात. त्या दिवशी मामा दुसऱ्या गावात होते. संध्याकाळी बातमी कळली आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे आठवायला बसले. गेल्या महिन्यात आपण कुणाकुणाला कोयता दिला? चेहरे आठवेनात. दोन रात्री झोप लागली नाही.

"तो माझा नसंल. पण नाहीच, असं छातीला हात लावून सांगता येईना."

त्यानंतर बारामतीत शक्ती अभियान सुरू झालं. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी ते जाहीर केलं. शाळा-कॉलेजांत तक्रारपेट्या आल्या, नाव गुप्त ठेवून सांगता येईल अशा. हत्यारं दाखवून फोटो टाकणाऱ्या पोरांवर नजर ठेवायचं ठरलं. मामांच्या पालापाशी कुठलीच पेटी नाही. त्यांनी आपल्यापुरती एक वही घातली.

दुपारी 12.15

ऊन वर आलंय. मामा मुठी बसवतात. बाभळीच्या मुठी, सुताराकडून 30 रुपयाला एक. शेपूट तापवून मुठीत घुसवायचं, लाकूड जळल्याचा धूर येतो. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी, लाकूड चिरू नये म्हणून.

शेवटी ठसा. एक छोटी पंची आहे, तिनं पात्याच्या मुठीजवळ तीन ठिपके मारायचे. बाप मारायचा तोच ठसा. मध्ये काही वर्षं मामांनी सोडला होता, वेळ जातो म्हणून. आता प्रत्येकावर मारतात.

"उद्या कुठं सापडला तर पोलीस सरळ माझ्याकडं यावेत," ते म्हणतात. "मग मी वही उघडून दाखवीन."

वहीची कल्पना एका हार्डवेअरवाल्यानं दिली. 2023 मध्ये पुण्यात पोलिसांनी कोयते विकणाऱ्या दुकानदारांना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्यायला सांगितलं होतं. हत्यारांच्या कायद्यात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं धोक्याच्या यादीत येतं. घरकामाला किंवा शेतीला घडवलेलं हत्यार त्यातून सुटतं. म्हणजे फडातला कोयता गुन्हा नाही. घडवणाऱ्याला माहीत पाहिजे की तो फडातच चाललाय.

दुपारी 2.00

शेतकऱ्यांची वेळ. एकाला दोन खुरपी हवीत, 100 रुपयाला एक. दुसऱ्याच्या विळ्याला धार. तिसरा मुकादम, त्याला पाच नवे कोयते. 350 रुपयाला एक. तो घासाघीस करतो, 300 म्हणतो. मामा हसतात आणि कोयता त्याच्या हातात देतात. तो बोटावर तोलून बघतो, पैसे काढतो. मामा नाव, गाव, फोन विचारतात. मुकादम आधार कार्डाचा फोटो दाखवतो. वही लिहिणारी लेक शाळेतून यायची आहे, तोवर मामी सगळं तोंडपाठ ठेवते.

दुपारी 3.40

एक मोटारसायकल थांबते. तीन पोरं. पुढचा उतरतो. सतरा वर्षांचा असेल. मिसरूड नुकतं फुटलेलं, पाठीला दप्तर.

"मामा, कोयता पाहिजे."

"हे काय पडलेत. घे."

"असला नको." तो फोन काढतो. स्क्रीनवर एक चित्र. दोन फूट लांब पातं, पाठीला करवतीसारखे दाते.

मामा चित्र नीट बघतात. फोन परत देतात.

"कशाला पाहिजे?"

"ऊस तोडायला."

"कुणाचा फड?"

पोरगा मागं वळून बघतो. मागचे दोघं रस्त्याकडे बघतात.

"हात दाखव."

"आँ?"

"हात. पालथा नको, उताणा."

पोरगा हात पुढं करतो, का करतो ते त्यालाही कळत नाही. मामा तो हात आपल्या हातात घेतात. सकाळच्या बाईच्या तळव्याला चार घट्टे होते, कोयत्याच्या मुठीनं पडलेले. या तळव्यावर काही नाही. मधल्या बोटाला पेनाची शाई आहे.

"ह्यानं ऊस तुटत नाही बाळा. असले दाते पाचटात अडकतात."

"दीड हजार देतो."

"पैशाचं नाही. वडलांना घेऊन ये. त्यांनी मागितला तर चांगला घडवून देतो, फुकट देतो."

पोरगा हात काढून घेतो. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलतो. गाडी जोरात निघून जाते. मामी घणाच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभी आहे.

"दुसरीकडं घेईल," मी म्हणतो.

"घेईल," मामा म्हणतात. "मोबाईलवर मागवलं तर घरी पण येतं म्हणतात."

भट्टीतलं लोखंड जास्त तापलंय. कडेनं ठिणग्या उडतायत. एक तुकडा वाया गेला.

दुपारी 4.10

मामांचं हातोडीत लक्ष नाही. मामीच बोलते.

"मागं बसलेला तो त्या आबांचा नातू. कुळवाची पास शेवटायला आबांसंगं यायचा, लहान होता तवा."

मामा हात पुसतात, फोन काढतात. आबांना लावतात. तक्रार करत नाहीत. एवढंच सांगतात की तुमचा नातू दोघांबरोबर आला होता, एकाला मोठं हत्यार पाहिजे होतं, मी दिलं नाही, तुमच्या कानावर घातलं. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग आबा म्हणतात, पोलीस पाटलाला घेऊन बघतो.

फोन दोन मिनिटांचा. मला वाटतं, आज या रस्त्यावर याहून मोठं काम कुणी केलं नसेल. पोरानं भांडण केलं, ते मित्रांना माहीत असतं. हत्यार शोधतोय, तेही माहीत असतं. दप्तरात काय आहे, ते बाकावर शेजारी बसणाऱ्याला माहीत असतं. माहिती नेहमीच असते. मोठ्या माणसापर्यंत पोचत नाही, आणि पोचली तर उशीर झालेला असतो.

संध्याकाळी 6.30

रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर लागलेत. गाणी जोरात. फडातून परतणाऱ्या बाया डोक्यावर वाढ्यांचे भारे घेऊन चालल्यात. तिघी-चौघी धार लावायला थांबतात. मामा कानस मारतात, मामी पंखा बंद करते. कोळसा वाचवायचा.

नववीतली लेक आली आहे. दप्तर टाकून वही घेते. मामी सांगते, ती लिहिते. तारीख, नाव, गाव, फोन, किती. मुकादमाचे पाच एका ओळीत.

मग दिवसाचा हिशोब. पाच कोयते, 1750. अकरा शेवटले, 660. नऊ धारा, 180. खुरपी 200. जमा 2790. खर्च: सात कोयत्यांचं लोखंड 320, बारा किलो कोळसा 480, सात मुठी 210, चकती 60, वीज 50. एकूण 1120. उरले 1670, दोन माणसांचे, चौदा तासांचे. हे दिवस हंगामाचे. पावसाळ्यात तीनशे सुटले तरी खूप.

"आणि ते दीड हजार?" लेक विचारते. तिला मामीनं सांगितलंय.

"ते आपले नव्हते," मामी म्हणते.

रात्री 8.20

आबांचा फोन. मामा तो स्पीकरवर ठेवतात.

पोलीस पाटील आणि आबा त्या पोराच्या घरी जाऊन आले. बाप एमआयडीसीत कामाला, त्याला काहीच माहीत नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी कॉलेजच्या रस्त्यावर गाडी घासल्यावरून बाचाबाची झाली होती. मग समोरच्या पोरांनी मोबाईलवर धमकीचं स्टेटस ठेवलं. याला भीती बसली.

"म्हणतो, मारायला नको होता," आबा सांगतात. "नुसता दप्तरात ठेवायला पाहिजे होता."

पालात कुणी बोलत नाही. नुसता जवळ ठेवायला. भीतीनं ठेवलेलं हत्यार भीती वाटली की बाहेर निघतं.

उद्या दोन्ही घरं मारुतीच्या देवळात बसवणार आहेत, पोलीस पाटलासमोर. बाप आठवडाभर पोराला स्वतः कॉलेजला सोडणार. जमेल की नाही, आबांना खात्री नाही. समोरची पोरं दुसऱ्या गावची आहेत.

"बघा, बसवून तर बघा," मामा म्हणतात.

रात्री 9.15

भट्टीवर राख ओढली. मामी कोयते मोजते. आज सात घडले, पाच गेले, दोन उरले. कालचे चार. एकूण सहा. पूर्वी ते ऐरणीपाशी उघड्यावर पडलेले असायचे. आता ती एकेक पुसून पत्र्याच्या पेटीत ठेवते, कुलूप लावते, किल्ली कनवटीला खोचते.

लेक वही मिटायला जाते. मामा थांबवतात.

"आणखी एक ओळ लिही."

"काय?"

"आजची तारीख. पोरगा, वय सतरा. दिला नाही."

ती लिहिते. मी वहीची मागची पानं चाळतो. दसऱ्यापासून अशा तीन ओळी आधीच आहेत. ही चौथी.