ड्रॉईंग बोर्ड आणि गॅदरिंग

मुलगी आर्किटेक्चरला गेली म्हणून पेढे वाटणारे आईबाप पहिल्या सहामाहीतच आमच्या अभ्यासिकेत येऊन बसतात. "भाऊ, पोर रात्र रात्र जागते. आणि वर म्हणते कॉलेजच्या नाटकात काम करायचंय. कसं व्हायचं?" गेल्या काही वर्षांत हा प्रश्न इतक्यांदा कानावर आला की त्यावर चार शब्द लिहावेत असे वाटले.

आर्किटेक्चर म्हणजे वास्तुकला. दार कोणत्या दिशेला असावे ते सांगून दक्षिणा घेणाऱ्या वास्तुशास्त्राशी तिचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. अभ्यासक्रम पाच वर्षांचा, सत्रे दहा. त्यातले एक सत्र एखाद्या आर्किटेक्टच्या कार्यालयात प्रत्यक्ष काम करण्याचे. पदवीनंतर १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाली, म्हणजेच आर्किटेक्ट ही उपाधी लावता येते. आम्ही बी. कॉम. केले ते गाईड वाचून, परीक्षेच्या आधी महिनाभर कंबर कसून. इथे तो हिशेब चालत नाही. डिझाईनचा विषय वर्षभर हाताने करायचा असतो. आज काढलेला आराखडा उद्या सर खोडतात, परवा पुन्हा नवा. मग शीट, मग मॉडेल, मग ज्युरी.

त्यात घराचा प्रश्न. ए-वन आकाराचा कागद ८४१ बाय ५९४ मिलिमीटर, त्याखालचा बोर्ड त्याहून मोठा. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. बोर्ड पसरला की जेवणाची ताटे कुठे मांडायची? संगणक आला तरी मॉडेलचे पुठ्ठे, कटर नि गोंद यांना जागा लागतेच. म्हणून आपली मुले रात्री उशिरापर्यंत कॉलेजच्या स्टुडिओत थांबतात. पालकांना वाटते उंडारतात. एकदा स्टुडिओ पाहून यावा, आमचा आग्रह आहे.

आता गॅदरिंगचे. "आपल्याला परवडत नाही हे चोचले" असे म्हणून मुलांना त्यातून काढून घेणारे पालक आम्ही पाहिले आहेत. ते आम्हाला पटत नाही. या शिक्षणात ज्युरी नावाचा प्रकार असतो. चार तज्ज्ञ समोर बसतात, भिंतीवर तुमची शीटे, आणि तुम्ही उभे राहून सांगायचे की जिना इथेच का, खिडकी पश्चिमेला का. उत्तम शीट काढूनही तिथे तोंडातून शब्द न फुटलेली मुले आहेत. इंग्रजीची भीती, बापाच्या नोकरीचा संकोच, सगळे त्या दहा मिनिटांत घशाशी येते. पथनाट्यात, वक्तृत्वात उभा राहिलेला मुलगा तिथे तग धरतो. हा अभ्यासाबाहेरचा वेळ म्हणायचा की अभ्यासाचाच?

तसेच 'नासा'चे. अंतराळवाली नव्हे, ही वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना, १९५७ पासूनची. तिच्या स्पर्धांत जुन्या वास्तूंचे मोजमाप घेऊन नकाशे करण्याचीही स्पर्धा असते. चारपाच दिवस टेप घेऊन एखादा वाडा नाहीतर गाव मोजायचे, लोकांशी बोलायचे. दगडी भिंत किती जाड, पाणी कुठून वाहते, हे जे डोळ्यांत बसते ते वर्गात बसत नाही. पण याच नासाच्या नादात वर्गणी, प्रवास, प्लॉटिंगचा खर्च अंगावर येतो आणि हजेरी बुडते. ७५ टक्के हजेरीला आपल्या मुलांच्या बाबतीत दुहेरी महत्त्व आहे. ती गेली की सत्र अडकते आणि शिष्यवृत्तीही. सधन घरच्या मित्राचे सत्र गेले तर त्याचे एक वर्ष जाते, आपल्या पोराचे शिक्षण जाऊ शकते. मित्रमंडळींत हा फरक कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून आम्ही लिहितो.

तेव्हा एका वर्षी एकच गोष्ट धरावी. नाटक तर नाटक, नासा तर नासा. पहिल्या वर्षी हात बसेपर्यंत जबाबदारीचे पद घेऊच नये, नुसते सामील व्हावे. सत्राच्या सुरुवातीलाच सबमिशनच्या तारखा घरातल्या कॅलेंडरवर लिहाव्यात, म्हणजे आईलाही कळते की त्या आठवड्यात पाहुणे नकोत. आणि झोप! दोन रात्री जागलेल्या हाताने कटर चालवला की बोट कापते.

एक गोष्ट मात्र आपल्या मंडळांना सांगायची आहे. वस्तीतली एक मुलगी आज तिसऱ्या वर्षाला आहे. जयंतीची कमान, स्टेजचे डिझाईन, बॅनर, सगळे तिच्याच गळ्यात. "तू आर्किटेक्ट ना, मग काढ की." १४ एप्रिल आणि सत्राअखेरची सबमिशन बहुधा हातात हात घालून येतात. ती नाही म्हणू शकत नाही, कारण मागणारे काका-मामाच. परवाच्या बैठकीत आम्ही विषय मांडला, थोडी कुरबुर झाली. शेवटी ठरले की कमानीचे चित्र तिने फेब्रुवारीतच द्यायचे, उभारणी पोरांनी करायची आणि एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून तिला कोणी हाक मारायची नाही. त्या पंधरा दिवसांसाठी समाजमंदिराच्या वरच्या खोलीची किल्लीही तिच्याकडे राहील. तिथे एक लांब टेबल आहे.