शेवटच्या सम्राटाचा भाऊ: समज आणि वस्तुस्थिती

चिनी राजपुत्र म्हणजे बालपण राजवाड्यात, तारुण्य ऐषारामात आणि राज्य गेल्यावर मृत्यू, असे चित्र आपल्या मनात पक्के बसलेले आहे. शेवटचे सम्राट पुयी यांचे धाकटे सख्खे भाऊ पुजिए (१९०७–१९९४) यांचे आयुष्य पाहिले की त्यातले फारसे काही उरत नाही.

पुजिए राजवाड्यात वाढलेच नाहीत. त्यांचे घर म्हणजे बीजिंगच्या होउहाय तलावाकाठचा, वडिलांचा वाडा. पुयीला १९०८ मध्ये, तीन वर्षेही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, तिथून उचलून नेऊन गादीवर बसवले. पुढे कित्येक वर्षांनी भाऊ भेटले. लपाछपी रंगात आली असताना पुजिएच्या बाहीचे पिवळे अस्तर दिसले आणि पुयी खवळला, कारण पिवळा रंग फक्त सम्राटाचा! धाकटा भाऊ तिथल्या तिथे चाकरासारखा हात सोडून उभा राहिला.

राजेशाही उलथवणाऱ्या क्रांतीनंतर राजघराण्याची कत्तल झाली, हाही गैरसमज. ती रशियात झाली. चीनमध्ये १९१२ च्या करारानुसार सम्राटाची पदवी, राजवाड्यातला मुक्काम आणि वर्षाला ४० लाख तैल चांदीचे अनुदान मान्य झाले. राजवाडा सोडावा लागला तो १९२४ मध्ये. त्याआधी पुजिए शिकायला आत येत आणि परतताना दुर्मीळ चित्रे, हस्तलिखिते गाठोड्यात बांधून बाहेर नेत. पुयीच्या सांगण्यावरून का होईना, देशाच्या ठेव्याची ती लूटच होती.

सर्वांत मोठा गैरसमज त्यांच्या लग्नाचा आहे. जपानी सरदारकन्या सागा हिरो ही हेर होती, असे पुयी स्वतः मानत. संशयाला जागाही होती. १९३७ चे हे लग्न जपानच्या क्वान्टुंग सैन्याने जुळवले होते. त्याच वर्षी, पुयी ज्याचे नामधारी सम्राट होते त्या, ईशान्य चीनमधल्या आणि जपानच्या तंत्राने चालणाऱ्या मांचुकुओ राज्यात, सम्राटाला मुलगा नसेल तर भाऊ आणि पुढे भावाचा मुलगा वारस होईल, असा कायदा झाला. हिरोने पाठवलेले पदार्थ पुजिएने आधी खाल्ल्याशिवाय पुयी तोंडाला लावत नसत. पण या जोडप्याला झाल्या दोन मुली, आणि सैन्याने जुळवलेला संसार सैन्य हरल्यावरही मोडला नाही.

१९४५ मध्ये पुजिए सोव्हिएत कैदेत गेले, १९५० मध्ये चीनच्या फूशुन तुरुंगात आले. हिरो धाकट्या मुलीसह वणवण करत, कैद सोसत १९४७ मध्ये जपानला पोहोचली. थोरली हुइशेंग तिथे आजोळी होती. बापाचा पत्ता नाही म्हणून तिने १९५४ मध्ये थेट पंतप्रधान चौ एन-लाय यांना चिनी भाषेत पत्र लिहिले आणि पत्रव्यवहाराला परवानगी मिळाली. एका शाळकरी मुलीचे हे धैर्य मला या सगळ्या इतिहासात मोठे वाटते. १९५७ मध्ये ती वारली. बापलेकीची भेट झालीच नाही.

कम्युनिस्टांनी पुजिएंना फाशी दिली नाही. १९६० मध्ये माफी मिळाली, १९६१ मध्ये हिरो बीजिंगला आली आणि १९८७ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत दोघे तिथेच राहिले. पुजिए पुढे राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेचे सदस्यही झाले.

आणि वंश पुजिएंबरोबर संपला असेही नाही. त्यांचे सावत्र भाऊ पुरेन बीजिंगमध्ये शाळामास्तर होते; २०१५ मध्ये ते वारले.