मुलाखतीच्या खोलीत उलट प्रश्न विचारा

पूर्णगडच्या खाडीकाठी नोकरी म्हणजे मच्छीमार सोसायटी, पतपेढी, शाळा किंवा आंबा कॅनिंग. नाहीतर पावसमार्गे रत्नागिरी. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा 2019 चा कायदा हा फक्त मुंबईतल्या काचेच्या ऑफिसांचा, असा समज इथे आहे. तो चुकीचा आहे. कायद्यातल्या ‘आस्थापने’त सहकारी संस्था, फर्म आणि ट्रस्टही येतात. भरती किंवा बढती करताना भेदभाव करायला त्यांना मनाई आहे. तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. 2020 च्या नियमांनुसार त्याने पंधरा दिवसांत चौकशी करायची, आणि आस्थापनेने समान संधीचे धोरण संकेतस्थळावर, नाहीतर दर्शनी भागात लावायचे.

म्हणून मुलाखतीला गेलात की भिंतीवर नजर टाका. तो कागद दिसला नाही, तर तक्रार अधिकारी कोण, स्वच्छतागृह कोणते, हजेरीपटावर नाव कोणते लागेल, हे सरळ विचारा. साहेब चाचरले, तर तेही उत्तरच. नावाच्या कागदपत्रांसाठी ओळख प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात. अर्ज ऑनलाइन होतो.

नोकरी मिळाली म्हणजे भागत नाही. कोची मेट्रोने 2017 मध्ये पारलिंगी कर्मचारी घेतले, पण भाड्याने खोली मिळेना म्हणून काहींनी काम सोडले. तरी सुरुवात भरतीनेच होते. पिंपरी-चिंचवड महापालिकेने 2022 मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल नेमले. कोकणातल्या नगरपरिषदांनी निदान एवढे तरी करावे.