फ्रेडरिक गिबर्ड : इमारतींपेक्षा मोकळ्या जागेचा वास्तुविशारद

परिचय

फ्रेडरिक गिबर्ड (१९०८–१९८४) हे विसाव्या शतकातील ब्रिटिश वास्तुविशारद, नगररचनाकार आणि उद्यानरचनाकार. जन्म कॉव्हेंट्रीचा, शिक्षण बर्मिंगहॅमच्या वास्तुकला विद्यालयातले. घरे, बाजारपेठ, विमानतळ, वीजकेंद्र, कॅथीड्रल आणि मशीद असे अनेक प्रकार त्यांनी हाताळले. कामाचा हा पसरटपणा काही समीक्षकांना खटकला. तरी या सर्व कामांत एक धागा स्पष्ट दिसतो. इमारत कशी दिसते याइतकेच इमारत आणि तिच्या भोवतालचे नाते त्यांना महत्त्वाचे वाटे. त्याचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे एसेक्स परगण्यातील हार्लो हे नवनगर.

आरंभीचा काळ

लंडनच्या स्ट्रेथम भागातील ‘पुलमन कोर्ट’ ही सदनिकांची वसाहत १९३६ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा गिबर्ड अठ्ठावीस वर्षांचे होते. पांढऱ्या भिंती, सपाट छपरे आणि लांब सज्जे असलेल्या या वसाहतीत जागेवरची जुनी झाडे राखून इमारती बसवल्या होत्या. पुढच्याच वर्षी एफ. आर. एस. यॉर्क यांच्यासह त्यांनी आधुनिक सदनिकांवर ग्रंथ लिहिला. युद्धकाळात ते लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनच्या विद्यालयाचे प्राचार्य होते.

नवनगर ही योजना

बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या लंडनमध्ये घरांची तीव्र टंचाई होती आणि जुन्या वस्त्यांत दाटीही असह्य होती. पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी यांच्या १९४४ च्या बृहत्‌-लंडन आराखड्याने राजधानीभोवतीचा हरितपट्टा राखून त्यापलीकडे स्वतंत्र नगरे वसवण्याचा मार्ग सुचवला. १९४६ च्या नवनगर कायद्याने त्याला अधिकार आणि पैसा दिला. प्रत्येक नगरासाठी एक विकास महामंडळ स्थापन होई. ते सरकारी कर्जातून जमीन संपादन करी, रस्ते आणि घरे बांधी आणि मालक या नात्याने भाडे वसूल करी. नगर वाढले की जमिनीचे मोल वाढे आणि ती वाढ महामंडळाकडेच राही. म्हणून आराखडा कागदावर न राहता एकाच यंत्रणेच्या हातून उभा राहू शकला. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसवताना जमिनीच्या वाढत्या मोलाचा असाच आधार घेतला.

हार्लोचा आराखडा

१९४७ मध्ये हार्लोची नवनगर म्हणून घोषणा झाली. उद्दिष्ट ६०,००० लोकसंख्येचे होते. पुढे ते ८०,००० वर नेण्यात आले. आराखडा गिबर्ड यांचा, आणि त्यानंतर तीन दशके या नगराशी त्यांचा संबंध टिकला.

त्यांनी सुरुवात रस्त्यांपासून न करता जमिनीच्या चढउतारापासून केली. उत्तरेस स्टोर्ट नदीचे खोरे आणि रेल्वे आहे, तर दक्षिणेकडे जमीन चढत जाते. उंचवट्यांवर वस्ती आणि सखल भागांत, ओढ्यांच्या कडेने, मोकळी हिरवळ असा विभाग त्यांनी केला. नदीखोऱ्यातून नगराच्या आत शिरणाऱ्या या हिरव्या पट्ट्यांनी वस्त्या एकमेकींपासून वेगळ्या केल्या. मुख्य रस्तेही बहुतांशी याच पट्ट्यांतून नेले, त्यामुळे जलद वाहतूक घरांच्या दारांवरून जात नाही. सायकली आणि पादचाऱ्यांसाठी वेगळे मार्ग आखले. जुन्या वाटा, कुंपणे, राया जिथे शक्य तिथे तशाच ठेवल्या. भूदृश्याच्या कामात सिल्व्हिया क्रो यांचा मोठा वाटा होता, हे येथे नोंदवले पाहिजे. गिबर्ड यांच्या नावाच्या छायेत ते अनेकदा हरवते.

वस्तीची उतरंड

नगराची बांधणी लहानाकडून मोठ्याकडे जाते. काही घरांचा समूह, असे काही समूह मिळून एक शेजारवस्ती आणि शेजारवस्त्यांचे गट मिळून नगर. प्रत्येक पातळीला तिच्या गरजेइतक्या सोयी. घराजवळ चार-दोन दुकाने आणि एक पब. त्यावर शाळा, सभागृह आणि बाजार असलेले स्टो, बुश फेअर यांसारखे केंद्र. आणि सर्वांसाठी ‘हाय’ हे मध्यवर्ती पेठेचे ठिकाण. लहान मुलाला शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, हा या मांडणीमागचा एक साधा निकष होता. पबांना फुलपाखरे आणि पतंग यांची नावे देण्याची हार्लोची गमतीदार प्रथाही याच काळातली.

सगळी घरे एकाच हाताची होऊ नयेत म्हणून वेगवेगळे समूह वेगवेगळ्या वास्तुविशारदांकडे दिले. मार्क हॉल नॉर्थ या शेजारवस्तीतील काही भाग मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या दांपत्याचा. हेच दोघे पुढे चंडीगडच्या घरबांधणीसाठी भारतात आले.

‘द लॉन’ : उंच इमारतीचा उपयोग

मार्क हॉल नॉर्थमध्येच १९५१ मध्ये गिबर्ड यांनी ‘द लॉन’ हा सदनिकांचा मनोरा उभारला. ब्रिटनमधील हा पहिला निवासी मनोरा मानला जातो. तळआराखडा फुलपाखराच्या पंखांसारखा पसरट असल्याने सदनिकांना दक्षिणेचे ऊन मिळते. उंची वाढवण्याचे कारण दाटी नव्हते. सभोवतीची जुनी ओकची झाडे वाचावीत, एकट्या राहणाऱ्यांना व लहान कुटुंबांना जागा मिळावी आणि बुटक्या घरांच्या रांगांत दृष्टीला एक उभी खूण मिळावी, असा हेतू होता. पुढे ब्रिटनभर मनोऱ्यांचे रान माजले, त्यात हा विवेक क्वचितच उरला.

टीका आणि मर्यादा

१९५३ मध्ये ‘आर्किटेक्चरल रिव्ह्यू’ या नियतकालिकात जे. एम. रिचर्ड्स आणि गॉर्डन कलन यांनी नवनगरांवर कठोर टीका केली. घरे विरळ, रस्ते रुंद, मोकळी जागा अवाजवी. शहरपणाच हरवला, असा आक्षेप होता. हार्लोच्या बाबतीत तो अर्धा खरा आहे. हिरव्या पट्ट्यांमुळे नगर श्वास घेते, पण त्यांनीच पेठेपर्यंतचे अंतरही वाढवले. मोटारींची संख्या किती वाढेल याचा अंदाज चुकला. आरंभी येणारे बहुतेक जण तरुण जोडपी असल्याने नगराला बाबागाड्यांचे गाव म्हणत. एकाच वयाची लोकसंख्या एकदमच शाळा मागते आणि काही दशकांनी एकदमच दवाखाने मागते, ही अडचण आराखड्याला सोडवता आली नाही.

कॅथीड्रल, विमानतळ, वीजकेंद्र

लिव्हरपूलच्या रोमन कॅथलिक कॅथीड्रलची स्पर्धा १९६० मध्ये गिबर्ड यांनी जिंकली. नवी दिल्लीचे वास्तुविशारद एडविन लुटियन्स यांनी तेथे आखलेले अवाढव्य कॅथीड्रल तळघरापुढे सरकले नव्हते. त्याशेजारी गिबर्ड यांनी वर्तुळाकार मंदिर बांधले. मध्यभागी वेदी, चहूबाजूंनी भाविक, आणि सोळा काँक्रीटच्या बरगड्यांवर तोललेला रंगीत काचांचा मनोरा. १९६७ मध्ये त्याचा अभिषेक झाला. वेदी सर्वांना दिसावी ही अट पूर्ण झाली, पण छपराची गळती मागे लागली आणि प्रकरण वादापर्यंत गेले.

हीथ्रो विमानतळाच्या मध्यवर्ती इमारती १९५५ पासून उभ्या राहिल्या. त्या धावपट्ट्यांच्या मधोमध आणि बोगद्यातून पोहोचण्याच्या जागी असल्याने वाढीला वाव कमी होता. डिडकॉटच्या वीजकेंद्रात सहा शीतक मनोरे त्यांनी तीन-तीनच्या दोन गटांत, अंतर राखून ठेवले. मैलोगणती दिसणाऱ्या त्या मोठ्या आकृत्या सपाट प्रदेशात एकच भिंत होऊ नयेत म्हणून. ते २०१४ आणि २०१९ मध्ये पाडण्यात आले. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील १९७७ ची मशीदही त्यांचीच.

हार्लो आज

गिबर्ड १९५७ पासून हार्लोच्या सीमेवर मार्श लेन येथे राहत होते. स्वतःच्या नगराच्या शेजारी राहणारे नगररचनाकार विरळाच. घराभोवतीच्या बागेत शिल्पांबरोबर लंडनच्या कूट्स बँकेतून काढलेले खांबही त्यांनी उभे केले आहेत. पेठेतील त्यांची जलोद्याने नंतरच्या पुनर्विकासात बदलली, तर ‘द लॉन’ संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. २०१७ मध्ये सरकारने हार्लो आणि शेजारच्या गिल्स्टन परिसराला उद्याननगर म्हणून मान्यता दिली. त्यातून होणाऱ्या नगराच्या विस्ताराच्या आखणीत हिरव्या पट्ट्यांची मूळ रचना पुढे नेण्याचे ठरले आहे.