सडक्या वांग्यातला विषाणू आणि कॉलेजचं पहिलं वर्ष

2010 साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये एका विद्यार्थिनीनं सडलेल्या वांग्याच्या खालच्या बाजूचा नमुना घेतला. तिला हवे होते फाज, म्हणजे जीवाणूंमध्ये शिरून वाढणारे विषाणू. एक मिळाला, त्याचं नाव पडलं ‘मडी’. आठ वर्षांनी हाच मडी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या शिरेतून तिच्या शरीरात सोडला गेला. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारामुळे तिची दोन्ही फुप्फुसं बदललेली होती, आणि त्यानंतर पसरलेला मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस या जीवाणूचा संसर्ग कुठल्याही औषधाला दाद देत नव्हता. मडीसोबत आणखी दोन फाज होते. ते जीवाणूच्या पोटात गप्प लपून बसण्याची शक्यता होती, म्हणून त्यांना गप्प ठेवणारं जनुकच काढून टाकलं होतं. दिवसातून दोनदा डोस, आणि प्रत्येक डोसात प्रत्येक फाजचे शंभर कोटी कण. संसर्ग मुळासकट गेला नाही, पण जखमा भरत आल्या. 2019 मध्ये हे सगळं ‘नेचर मेडिसिन’मध्ये छापून आलं.

हे फाज ज्या साठ्यातून आले तो पिट्सबर्ग विद्यापीठातल्या ग्रॅहम हॅटफुल यांचा, आणि तो भरलाय मुख्यतः विद्यार्थ्यांनी. हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटच्या मदतीनं 2008 पासून ‘सी-फाजेस’ नावाचा अभ्यासक्रम चालू आहे, तो पदवीच्या पहिल्या वर्षासाठी. काल बारावी झालेली मुलं त्यात येतात.

काम साधं आहे, चिकाटीचं आहे. कुंडीतली, परसातली चमचाभर माती द्रावणात ढवळायची आणि जीवाणू अडकतील इतक्या बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळायची. गाळलेलं पाणी मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसमध्ये मिसळायचं. हा जीवाणू क्षयाच्या जंतूचा निरुपद्रवी भाऊबंद आहे. कोमट पातळ अगारमध्ये ते मिश्रण घालून पेट्री डिशवर ओतायचं आणि 37 अंशांवर ठेवायचं. एक-दोन दिवसांत डिशवर दुधाळ साय धरते. नशीब असेल तर त्या सायीत टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ भोकं दिसतात. तिथले जीवाणू मेलेले असतात. डिश उजेडासमोर धरून ते पहिलं भोक पाहणाऱ्या मुलाला ठाऊक असतं, की आतला विषाणू याआधी बहुधा कुणी पाहिलेलाच नाही. नाव ठेवण्याचा मान त्याचाच. पुढच्या सत्रात त्या विषाणूचा डीएनए वाचून आलेला असतो आणि वर्गात वाद रंगतात, हे जनुक नेमकं इथून सुरू होतं की पुढच्या अक्षरापासून? सरांनाही उत्तर माहीत नसतं. पुरावा मांडायचा आणि पटवून द्यायचं.

2015 मध्ये ‘ईलाइफ’ नियतकालिकात अशा 627 फाजांच्या जनुकसंचांची तुलना आली. तिच्या लेखकांत दोन हजारांहून अधिक विद्यार्थी होते.

याच वाटेनं जाणारे आणखी प्रयत्न आहेत. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून सुरू झालेल्या उपक्रमात मुलं फळमाशीची जनुकं तपासतात. ‘टायनी अर्थ’मध्ये मातीतल्या जीवाणूंत नवी प्रतिजैविकं शोधतात.

आता आपल्याकडचं. मी पहिल्या वर्षाला असताना कांद्याच्या मुळाची स्लाइड केली. पेशीविभाजनाच्या सगळ्या अवस्था काही दिसल्या नाहीत. पुस्तकातून त्या जर्नलमध्ये उतरवल्या, जर्नल सर्टिफाय झालं. दिसलं ते काढायचं की दिसायला हवं ते, हा प्रश्न कुणी विचारला नाही, मीही नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण जीवशास्त्र खरं तर त्या प्रश्नापासूनच सुरू होतं. नव्या शैक्षणिक धोरणात संशोधन आलं आहे, पण चौथ्या वर्षी. तोवर उत्तर आधीच छापलेलं असतं ही समजूत मुलांच्या अंगात मुरलेली असते.

डीएनए वाचून घेणं महाग आहे, मान्य. पण भोकं शोधायला लागतं ते सूक्ष्मजीवशास्त्राच्या बहुतेक प्रयोगशाळांत असतं, म्हणजे ऑटोक्लेव्ह, इन्क्युबेटर, डिश. नमुन्यांना तर तोटाच नाही. 1896 मध्ये जीवाणुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन यांनी नोंदवलं होतं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात आणि पाणी उकळलं की तो गुण जातो. हा फाजांचाच प्रताप असावा असं पुढे अनेकांनी मानलं. हँकिन यांच्या वेळी फाज हा शब्दही नव्हता.

मंडईच्या मागे संध्याकाळी सडक्या वांग्यांचा ढीग पडलेला असतो. एफ.वाय.च्या मुलांना एक-एक निर्जंतुक नळी द्या आणि तिकडे पाठवा.