पत्रा ठोकून बघावा

द्वारका म्हटलं की इतरांना श्रीकृष्ण आठवतो, नाशिककराला ट्रॅफिक. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता या चौकात एकमेकांना भिडतात. वर उड्डाणपूल झाला, पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग झाला, तरी माणसं जीव मुठीत धरून रस्त्यावरूनच पलीकडे जातात. असो. मी तिथे जातो ते गॅरेजांसाठी. वडाळा नाका, सारडा सर्कल या बाजूला वळलं की डेंटर, पेंटर, वायरमन, कुशनवाले आणि जुन्या पार्टची दुकानं लागतात. कसारा घाटात नाहीतर चांदवडजवळच्या राहुड घाटात आपटलेली गाडी शेवटी अशाच एखाद्या शेडमध्ये येऊन पडते. विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ म्हणून सोडलेली गाडी इथे पुन्हा रस्त्यावर येते. अशी गाडी घ्यावी का, असं मला सारखं कोणी ना कोणी विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे : ठोकलेली घ्या, पण पत्रा वाचून, बुडालेली फुकट मिळाली तरी नको.

टोटल लॉस हा गाडीच्या लोखंडाचा निकाल नसतो, तो हिशेबाचा निकाल असतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस. हे मूल्य वयाबरोबर उतरतं. दहा लाखांची गाडी सहा महिने ते वर्षाच्या आत असेल तर मूल्य साडेआठ लाख. तीन ते चार वर्षांची असेल तर सहा लाख. आता दोन्ही गाड्यांना पाच-पाच लाखांचं काम निघालं असं समजा. नवी गाडी दुरुस्त होणार, कारण तिची मर्यादा सव्वासहा लाखांच्या पुढे आहे. जुनीची मर्यादा साडेचार लाख, म्हणून ती टोटल लॉस. मार तोच, नशीब वेगळं. शिवाय तो पाच लाखांचा अंदाज कंपनीच्या वर्कशॉपचा, कोऱ्या पार्टचा. द्वारकेचा डेंटर तोच दरवाजा दुसऱ्या टोटल लॉस गाडीचा उतरवून आणतो. या दोन हिशेबांमधल्या फटीतच हा धंदा उभा आहे.

आता माझ्या आवडीचा विषय : पत्रा. चांगला डेंटर डोळ्यांपेक्षा तळहातावर विश्वास ठेवतो. मी बराच वेळ उभं राहून पाहिलेले एक उस्ताद हाताखाली फडकं धरून फेंडरवरून हात फिरवायचे. फडक्यामुळे हात अडखळत नाही आणि मला सपाट वाटणाऱ्या जागी त्यांना चढ-उतार लागायचा. आतून डॉली, म्हणजे आधाराचा लोखंडी ठोकळा, बाहेरून हातोडी. मार खाऊन पत्रा ताणला गेला असेल तर नुसतं ठोकून तो बसत नाही, डब्यासारखा आत-बाहेर टपटपतो. मग गॅसच्या ज्योतीने रुपयाएवढा ठिपका लाल करायचा, हातोडीने दाबायचा आणि लगेच ओलं फडकं लावायचं. चर्र आवाज येतो आणि पत्रा आकसतो. हे काम बघताना माझा चहा नेहमी गार होतो.

पण हीच करामत खांबांवर केली तर घात. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये दारांमधले खांब फार कठीण, विशेष पोलादाचे असतात. तापवलं की त्या पोलादाची ताकद जाते, वरून रंग मात्र झकास दिसतो. म्हणून फेंडर, बोनेट, डिक्की बदललेली असली तर मी कपाळाला आठी घालत नाही. ते बोल्टवर बसणारे भाग. खांब, छत आणि पुढचे एप्रन कापून जोडलेले असतील तर मी नमस्कार करून निघतो. बोलेरो, स्कॉर्पिओची गोष्ट थोडी वेगळी. त्यांची बॉडी स्वतंत्र चेसिसवर बसते, त्यामुळे तिथे आधी खाली वाकून चेसिस बघायची. स्कॉर्पिओ २००२ साली आली ती आपल्याच नाशिकच्या कारखान्यातून. तेव्हा हे वाकणं नाशिककराचं कर्तव्यच आहे.

पत्रा वाचायचा कसा? दाराच्या कडेचं रबरी बीडिंग हाताने ओढून काढा. खाली कारखान्याच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल खळगे सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. ते गायब असतील, नाहीतर तिथे ओबडधोबड जोड असेल, तर तिथे कटिंग झालंय. बोनेटच्या बोल्टांच्या डोक्यांवरचा रंग पाना लागून उडालाय का बघा. बोटाने टकटक करा : पत्रा वाजतो, जाड पुट्टी बद्द बोलते. फ्रिजवरचं चुंबक खिशात असू द्या, पुट्टीवर ते धरत नाही. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे ते लावून घाबरू नका. शेवटी टेपने इंजिनच्या खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. दोन मापांत फरक आला, तर पुढचा भाग तिरका आहे. टायर एका बाजूने घासलेले असतील तर ती त्याचीच साक्ष.

एअरबॅगचा खेळ वेगळा. उघडलेली एअरबॅग महाग, म्हणून काही जण मोकळ्या कव्हरमागे एक रेझिस्टर टाकून कॉम्प्युटरला फसवतात, नाहीतर दिव्याची वायरच दुसऱ्या दिव्याला जोडतात. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा स्वतंत्र लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर सौदा तिथेच संपवा. लागून विझला तरी स्कॅनर लावून घ्याच.

बुडालेल्या गाड्यांवर माझा राग आहे. २६ जुलै २००५ ची मुंबई, ऑगस्ट २०१९ चं सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ चं चिपळूण : प्रत्येक पुरात गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी चालू करायला गेलं की सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तो बदलता येतो. पण कनेक्टरांमध्ये धरणारा हिरवा गंज महिन्यांनी बोलतो. आज काच खाली होत नाही, उद्या इंजिन बंद. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला गाळाची रेघ सापडते. स्टेपनीची खोबण, सीटचे रूळ, गालिच्याखालचा फोम हेही बघा. गाडीत सुगंधी डबी जरा जास्तच घमघमत असेल तर नाक आणखी खुपसा.

कागदांचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेत अशा गाडीच्या मालकीपत्रावरच तसा शिक्का पडतो. आपल्या आरसीवर तशी नोंद नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार कायमची निकामी झालेली गाडी मालकाने चौदा दिवसांत कळवायची आणि तिची नोंदणी रद्द व्हायची. रद्द झाली असेल तर ते फक्त पार्ट, गाडी नव्हे. नसेल तर फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५, आणि पेठ रोडचं आरटीओ. विकणाऱ्यानेही नाव बदलल्याशिवाय झोपू नये. नोंदीवर ज्याचं नाव तोच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. चेसिस नंबर स्वतः हात फिरवून बघा. चोर मंडळी चेंदामेंदा झालेली गाडी कधी कधी नुसत्या कागदांसाठी घेतात आणि तिचा नंबर चोरीच्या गाडीवर चढवतात. जुना सर्व्हे रिपोर्ट आणि अपघाताचे फोटो मागा. प्रामाणिक विक्रेता ते दाखवतो. त्यात मार कुठे बसला ते कळतं.

भाव किती? त्याच वर्षाच्या साफ गाडीपेक्षा बराच कमी, नाहीतर कशाला हा उपद्व्याप? उद्या तुम्ही विकायला जाल तेव्हा समोरचाही चुंबक घेऊनच येणार आहे. माझं मत विचाराल तर आरसीवर ‘टोटल लॉस’ ही एक ओळ सक्तीने छापावी. चांगल्या डेंटरचं त्यात काही बिघडणार नाही. उलट आज लपवून विकावं लागणारं काम त्याला उद्या मिरवता येईल, आणि रेझिस्टर लावणाऱ्याचं दुकान बंद होईल.