द्राक्षं बंद, बिस्किटं चालू?

जानेवारी उजाडला की निफाड तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतमध्ये घराघरात द्राक्षं दिसू लागतात. स्वतःची बाग नसली तरी शेजाऱ्याकडून, पाहुण्यांच्या मळ्यातून एखादी पिशवी येतेच. आणि बहुतेक घरांत शुगर निघालेलं कुणीतरी असतंच. त्यांच्यापुढून द्राक्षांचं ताट उचललं जातं आणि चहाबरोबर चार मारी बिस्किटं ठेवली जातात. द्राक्षं गोड म्हणून वर्ज्य, बिस्किटं ‘हलकी’ म्हणून चालतात! पथ्याच्या खाण्याबद्दलचे निम्मे गैरसमज या एका अदलाबदलीत सापडतात.

जीआय, म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, हा शब्द आता वजन कमी करणाऱ्यांच्याही तोंडी आहे. टोरोंटोचे डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये तो मांडला. ५० ग्रॅम पचणारी कर्बोदकं मिळतील इतका पदार्थ उपाशीपोटी खायला द्यायचा, पुढचे दोन तास रक्तातली साखर मोजत राहायची आणि तिची वाढ ५० ग्रॅम ग्लुकोजने होणाऱ्या वाढीशी ताडून पाहायची. ग्लुकोजला १०० गुण. ५५ पर्यंत कमी, ५६ ते ६९ मध्यम, ७० आणि पुढे जास्त.

या मोजपट्टीवर जिभेला लागणाऱ्या गोडीचा अंदाज पार चुकतो. साखरेचा जीआय साधारण ६५. पांढऱ्या पावाचा ७५ च्या आसपास, उकडलेल्या बटाट्याचा त्याहून थोडा जास्त. जे गोड लागत नाही तेच रक्तात आधी पोचतं, कारण पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्याच साखळ्या. मैदा, पाव, कुरमुरे यांतल्या साखळ्या दळून, भाजून, फुगवून आधीच इतक्या मोकळ्या झालेल्या असतात की आतड्याला काम उरत नाही. फळातली बरीचशी साखर फ्रुक्टोजच्या रूपात असते, ती यकृताकडे जाते आणि रक्तातलं ग्लुकोज लगेच चढवत नाही. म्हणून द्राक्षांचा जीआय निरनिराळ्या चाचण्यांत ४५ ते ६० च्या दरम्यान येतो. म्हणजे कमी ते मध्यम.

मग द्राक्षं मनसोक्त खायची का? इथेच दुसरा घोटाळा होतो. जीआय वेग सांगतो, किती खाल्लं ते सांगत नाही. द्राक्षातली साखर किती हे निफाड तालुक्यात कुणाला शिकवायला नको. काढणीच्या आधी रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचे दोन थेंब टाकून ब्रिक्स बघणारी माणसं इथली. १८ ब्रिक्स म्हणजे रसात साधारण १८ टक्के विरघळलेले घटक, आणि त्यातली बहुतेक साखरच. तेव्हा १०० ग्रॅम द्राक्षं, म्हणजे वीस-पंचवीस मणी, खाल्ले तर जवळपास १७ ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात. जीआय ५५ धरला तर ५५ गुणिले १७ भागिले १००, म्हणजे नऊ-साडेनऊ. याला ग्लायसेमिक लोड म्हणतात. १० पर्यंत कमी, २० च्या पुढे जास्त. वीस-पंचवीस मणी जेवणानंतर काही वेळाने खाल्ले तर बहुतेकांचं बिघडत नाही. टीव्हीपुढे बसून अर्धा किलोचा घड फस्त केला तर हाच आकडा ४५ च्या वर जातो, आणि त्याला द्राक्ष जबाबदार नाही.

बेदाण्यांचं गणित आणखी फसवं आहे. ‘सुकामेवा आहे, पौष्टिक आहे’ म्हणून मूठ भरली जाते. एक किलो बेदाणा करायला चार-पाच किलो द्राक्षं लागतात. मुठीतल्या ३० ग्रॅम बेदाण्यांत सव्वाशे-दीडशे ग्रॅम द्राक्षांची साखर असते, आणि पोट भरवणारं पाणी उडून गेलेलं असतं. ज्यूसच्या ग्लासात उलटं होतं, पाणी राहतं आणि चोथा जातो. फळ चावून खावं, इतकंच.

कलिंगडाचा जीआय ७० च्या पुढे म्हणून त्यावर फुली मारणारेही भेटतात. १०० ग्रॅम कलिंगडात कर्बोदकं सातआठ ग्रॅमच. दोन फोडींनी फार काही होत नाही. टोमॅटोचा जीआय तर धड मोजताच येत नाही! ५० ग्रॅम पचणारी कर्बोदकं मिळायला दीड-दोन किलो टोमॅटो एका बैठकीत खावे लागतील. २० किलोच्या जाळ्यांचे ढीग ज्या गावाच्या बाजारात लागतात, त्या गावाने टोमॅटोची भीती बाळगू नये.

उपवासाचा मात्र पुनर्विचार हवा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीत दाण्याचं कूट सढळ असेल तर वेग थोडा कमी होतो, पण थोडाच. राजगिऱ्याबद्दल लोकांचा विश्वास जास्त गाढ आहे. धान्य म्हणून तो चांगलाच, प्रथिनं आहेत, लोह आहे. पण लाह्या केल्या की गोष्ट बदलते: मधुमेहींना दुधातून राजगिऱ्याच्या लाह्या दिल्या तेव्हा जीआय ९७ आला होता. वर लाडवात गूळ. आणि गूळ म्हणजे बहुतांशी सुक्रोजच. रंग आणि चव वेगळी, चिमूटभर खनिजं जास्त, रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने फरक नाही.

भरडधान्यांबाबत बातमी बरी आहे. हैदराबादच्या इक्रिसॅटसह काही संस्थांनी २०२१ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा भरडधान्यांचा सरासरी जीआय ५२.७ निघाला, पॉलिशच्या तांदळाचा ७१.७. पण ही सरासरी आहे. नागलीचं पीठ वस्त्रगाळ करून पातळ पेज केली की ती भाकरीपेक्षा झपाट्याने पचते. नागलीचं बिस्किट असेल तर पाकिटाच्या मागे पाहा, यादीत मैदा आणि साखर नागलीच्या आधी असू शकतात.

आता चवीचं. कमी जीआय म्हणजे उकडलेलं, अळणी, रुग्णाचं खाणं, हा समज कुठून आला कळत नाही. आपल्या मिसळीतलंच बघा. मोड आलेली मटकी, रस्सा, कांदा, लिंबू हे सगळं साखर सावकाश चढवणारं; कडधान्यांचा जीआय तिशी-चाळिशीच्या घरात, हरभऱ्याचा तर २८. खरा गुन्हेगार पाव. एका पावावर थांबा किंवा सोडा, फरसाण नावापुरतं घ्या, मटकी दुप्पट मागा. जेन्किन्स यांच्याच गटाने १९८२ मध्ये दाखवलं की सकाळी मसूर खाल्ला तर दुपारच्या जेवणानंतरची साखरही कमी चढते. मिसळ मसुराची नसते, पण कडधान्याचा गुण तोच.

संध्याकाळी पाच वाजता पोटात कावळे ओरडतात तेव्हाची भेळही उलटी करता येते. कुरमुरे मुख्य आणि फुटाणे चवीला, असं न करता वाटीभर फुटाणे घ्या. त्यात वाफवलेली मटकी, मूठभर भाजलेले दाणे, बारीक चिरलेला कांदा-टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर, चिमूटभर काळा मसाला, आणि लिंबू चांगलं पिळा. लिंबाच्या आंबटपणाने साखर हळू चढते. कुरमुरे शेवटी, कुरकुरीतपणापुरते. थंडीत सोलाणे आहेत, हुलग्याचे शेंगुळे आहेत, मुगाचं धिरडं बारा महिने आहे.

एक इशारा या यादीलाही लागू आहे. कमी जीआय म्हणजे कमी उष्मांक नव्हे. दाण्यांचा जीआय १५ च्या आसपास, पण १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी. आइस्क्रीमचा जीआय उकडलेल्या बटाट्याहून कमी असतो, कारण स्निग्धांश पचन लांबवतो. पण म्हणून कुणी आइस्क्रीमला पथ्य म्हणत नाही.

राहिला ‘दर दोन तासांनी काहीतरी खाल्लंच पाहिजे’ हा नियम. तो सगळ्यांसाठी नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा, ५५ मिनिटांत जेवण आटोपण्याची पद्धत पाळणारे मधलं खाणं टाळतातच. भूक नसेल तर कमी जीआयचा खाऊही कशाला? इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी मात्र मधलं खाणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये, साखर अचानक खाली जाऊ शकते.

आणि तक्त्यातले आकडे दहा-बारा माणसांच्या सरासरीचे असतात, तुमचे नव्हेत. घरात ग्लुकोमीटर असेल तर एक दिवस चार मारी बिस्किटं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी वीस-पंचवीस मणी खाऊन दोन तासांनी साखर बघा, आणि द्राक्षांचं ताट उचलायचं की बिस्किटांची बशी, ते त्यावर ठरवा.